अडीचशे युरोचं दप्तर, दोन वर्षं वापरून झाल्यावर

आधी आकडाच सांगून टाकते. 249 युरो. फेब्रुवारी 2023 मधे घेतलं, तेव्हाच्या भावाने साधारण 22 हजार रुपये होतात आणि ही सायकल नाही, टॅब नाही, पहिलीतल्या पोरीचं दप्तर आहे. सासूबाई तेव्हा सांगलीहून आमच्याकडे आल्या होत्या, त्यांनी किंमत ऐकली आणि म्हणाल्या, "अगं, आमच्या वेळी एवढ्यात म्हैस यायची." त्यावर मी काही बोलले नाही कारण खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

आम्ही जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो, 2019 ला पुण्याहून आलो, नवरा गाड्यांच्या कंपनीतला (इथे आलेल्या अर्ध्या पुण्यासारखाच). पोरगी किंडरगार्टनच्या शेवटच्या वर्षाला होती आणि ऑक्टोबरपासूनच दारात उभ्या असलेल्या आया एकमेकींना विचारायला लागल्या, रान्त्सेन घेतलं का, रान्त्सेन बघितलं का. मला आधी वाटलं कुठली तरी लस आहे. मग कळलं शूलरान्त्सेन म्हणजे दप्तर, आणि शाळा सुरू व्हायला अजून अकरा महिने आहेत. पण इथे पहिलीच्या पोराचं दप्तर म्हणजे घरातलं कार्यच असतं. बहुतेक घरी आजी-आजोबा घेऊन देतात, दुकानं हिवाळ्यात वीकेंडला खास माप घ्यायचे कार्यक्रम ठेवतात, आणि मे-जूनपर्यंत थांबलात तर चांगली डिझाइन्स उडालेली असतात.

दुकानातला अनुभव मात्र मस्त, त्यासाठी पूर्ण मार्क. मी समजत होते काउंटरवरून एक उचलायचं नि निघायचं. तिथल्या बाईंनी लेकीला जॅकेट काढायला लावलं, मुंजीच्या कपड्यांसाठी शिंपी घेतो तसं पाठीचं माप घेतलं, मग प्रत्येक दप्तरात वाळूच्या छोट्या पिशव्या टाकून तिला दुकानभर चालवलं, जिना चढवला, उतरवला. लेकीने आत शिरल्या शिरल्या एक जांभळं युनिकॉर्नवालं धरून ठेवलेलं, 289 युरोचं. बाईंनी ते घालून बघितलं आणि शांतपणे सांगितलं की हे हिच्या पाठीला बसत नाही, खांद्याचे पट्टे बाहेर घसरतायत, मी हे तुम्हाला देणार नाही. म्हणजे महागडी वस्तू समोरचा घ्यायला तयार असताना दुकानदार नाही म्हणतोय!! लक्ष्मी रोडवर कोणी असं केलेलं मला तरी आठवत नाही. दहा मिनिटं रडारड झाली, मग चाळीस युरोने स्वस्त मॉडेल घेतलं ज्याच्यावर चित्रं बदलता येतात, त्यावर छोटं युनिकॉर्न लावून मिळालं आणि मिटलं. ही चित्रं बदलायची सोय असलेलंच घ्या हा माझा पहिला सल्ला, कारण पाच वर्षांची पोरगी जे निवडते त्याची सात वर्षांच्या पोरीला लाज वाटते. आमच्याकडे दुसरीच्या दिवाळीपर्यंत युनिकॉर्न जाऊन घुबड आलं.

249 मधे दप्तर, पीटीच्या कपड्यांची पिशवी, रंगीत पेन्सिलींनी भरलेली चेनवाली कंपास, सटरफटर सामानाचा पाऊच आणि गळ्यात अडकवायचं छोटं पाकीट असा सेट आला. त्यातलं गळ्यातलं पाकीट आजवर एकदाही वापरलं नाही. पेन्सिली चांगल्या. पीटीची पिशवी ठीकठाक, नाडी सारखी अडकते.

आता मुख्य दप्तर. चौकोनी खोक्यासारखं आहे, खाली प्लास्टिकचे पाय, त्यामुळे चिखलात ठेवलं तरी उभं राहतं आणि बूड भिजत नाही. रिकामं वजन सव्वा किलोच्या आसपास. आता भारतात 2018 ला केंद्र सरकारने पहिली-दुसरीच्या दप्तराचं वजन पुस्तकांसकट दीड किलो ठरवलेलं, म्हणजे इथलं रिकामंच तिथे जवळपास नापास. पण पाठीची उंची कमीजास्त करता येते, छातीला एक पट्टा, कमरेला एक, आणि वजन खरंच खांद्यावरून कमरेवर जातं, हे मी स्वतः घालून बघितलंय (हसू नका). शिवाय पुस्तकं बरीचशी शाळेतच राहतात. घरी येते ती गृहपाठाची वही, एकदोन पुस्तकं आणि पोस्टमाप्पे. ही पोस्टमाप्पे म्हणजे शाळा आणि आईबाप यांच्यातला टपालाचा फोल्डर. गाड्या बनवणाऱ्यांच्या गावात अजून सगळं कागदावर चालतं, सहलीला परवानगी, उवा झाल्याची सूचना, पोहण्याचे पैसे, सगळ्याला सही करून परत पाठवायचं. दप्तर कडक असल्याने कागद चुरगळत नाहीत हे इथे फार महत्त्वाचं आहे, एवढं नक्की.

हळदीची टेस्ट: नापास. पुढच्या कप्प्याला आतून चंदेरी अस्तर आहे, डबा गार राहावा म्हणून. इथे मधल्या सुट्टीच्या खाण्याला फेस्पर म्हणतात, शाळेने सांगितलंय गोड नको, म्हणजे माझी तूपसाखर पोळी बाद, मग मी थालीपीठ देते. एकदा डब्याचं झाकण नीट लागलं नाही आणि थालीपीठाबरोबरच्या लोणच्याचं तेल अस्तरावर सांडलं. लिंबू, सोडा, ऊन, सगळं करून झालं, दीड वर्ष झालं तरी तो पिवळा डाग तिथेच आहे. कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलंय ओल्या कापडाने पुसा. त्यांनी लोणचं बघितलेलं नाही.

मी चार स्टार देतेय ते मात्र दुसऱ्याच गोष्टीसाठी. दप्तरावर भगव्या रंगाच्या चकाकत्या पट्ट्या आहेत. जर्मनीत यासाठी डीन 58124 नावाचं प्रमाण आहे, दप्तराच्या समोरच्या आणि बाजूच्या भागाचा निदान 20 टक्के भाग दिवसा भडक दिसणारा आणि 10 टक्के उजेड परतवणारा हवा. सगळ्या बॅगा हे पाळत नाहीत, दिसायला सुंदर असलेल्या बऱ्याचशा नाहीच पाळत, तेव्हा लेबलवर हा नंबर शोधा. मला आधी हे म्हणजे उगाच जर्मन शिस्तीचं खूळ वाटलेलं. मग पहिलीच्या आधी पालकांची सभा झाली आणि तिथे सांगितलं की मुलांना लवकरात लवकर एकटं चालत येऊ द्या, गाडीने दारात सोडू नका. गाडीने सोडणाऱ्या आईबापांना इथे एल्टर्नटॅक्सी म्हणतात, म्हणजे आईबापांची टॅक्सी, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत.

सहा वर्षांची पोर. एकटी. मी सांगलीत चौथीपर्यंत रिक्षामामांच्या रिक्षात दहा पोरांत कोंबून गेलेली, आणि आम्ही दारातून आत गेल्याशिवाय मामा हलायचे नाहीत. शाळा आमच्या घरापासून 900 मीटर, दोन रस्ते ओलांडायचे, एकाला सिग्नल आहे. आधी आम्ही उन्हाळ्यात तोच रस्ता पंधरावीस वेळा चाललो, मग पहिले चार आठवडे मी बरोबर, मग मी दहा पावलं मागे, मग मी कचऱ्याच्या डब्यांच्या मागे लपून (शेजारच्या आज्जींनी पकडलं, गुड मॉर्निंग म्हणाल्या आणि काही विचारलं नाही, बहुतेक दरवर्षी कोणीतरी लपत असेल). आणि मग नोव्हेंबर उजाडला, म्हणजे उजाडलाच नाही. सव्वासातला बाहेर काळोख, धुकं, पाऊस. मी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत उभी राहायचे आणि मला पोरगी दिसायचीच नाही, फक्त त्या पट्ट्या दिसायच्या. एक गाडी वळली की पट्ट्या पेटायच्या, मग विझायच्या, मग बेकरीपाशी पुन्हा पेटायच्या, तिथे तिची मैत्रीण उभी असायची, आणि मग चार पट्ट्या एकत्र वळणाआड जायच्या. त्यानंतर मी चहा ठेवायचे. सासूबाईंना एकदा व्हिडिओ कॉलवर ते दाखवलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दप्तर बरं आहे." म्हशीचा विषय परत निघाला नाही.

आता तक्रार. जानेवारी 2025 ला झाकणाची लोहचुंबकाची कडी तुटली, लावली की आपोआप उघडायची. घेऊन तेवीस महिने झालेले, आणि विकणाऱ्याची कायदेशीर जबाबदारी दोन वर्षं असते, म्हणजे जेमतेम आत होतो. पण बिल! बिल त्या थर्मल कागदावरचं, ड्रॉवरमधे जपून ठेवलेलं, बाहेर काढलं तर कोरं पांढरं. अक्षरशः एक अक्षर नाही. दुकान आता म्हणे बिलाशिवाय काही करता येत नाही. शेवटी नवऱ्याने बँकेच्या स्टेटमेंटमधे ती एंट्री शोधली, ती चालली, पण त्यात आठवडा गेला. मग दप्तर कंपनीकडे पाठवलं, तीन आठवडे. नवीन कडी बसवून आलं, पैसे घेतले नाहीत. तेवढ्या दिवसांसाठी दुकानाने एक जुनं दप्तर वापरायला दिलं, हिरवंगार, फुटबॉलच्या चित्राचं, आणि लेक आदल्या रात्री रडली की मी हे घालून जाणार नाही. तीन आठवड्यांनी ते परत करताना पुन्हा रडली. एक स्टार कापलाय तो कडीसाठी आणि दुकानाच्या त्या आठवड्यासाठी, दोन्हीला अर्धा अर्धा. बिलाचा मात्र घेतल्या दिवशीच फोटो काढून ठेवा.

2025 ला पहिल्यांदा शाळेच्या सुट्टीत नीट गणपती मिळाला. पहिलीला 2023 ला शाळा 11 सप्टेंबरला सुरू आणि गणपती 19 ला, सुट्टी मागायची सोय नाही, इथे शाळा बुडवून फिरायला जाणं म्हणजे थेट दंडाचं प्रकरण. 2025 ला 27 ऑगस्टला गणपती आणि आमच्या राज्यात सुट्टी 13 सप्टेंबरपर्यंत, तिकिटं जाम महाग पण घेतली. लेकीने हट्टाने दप्तर विमानात आणलं, त्यात एक कासव आणि चित्रकलेची वही. सांगलीत तिच्या चुलत भावाने बघितलं आणि विचारलं, हे बॉक्स का घातलंय पाठीला? मग दोघांनी अदलाबदली केली. त्याचं दप्तर तिला उचललंच नाही. तिचं घालून तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला, म्हणाला याच्यात काहीच नाहीये, मग ही शाळेत करते काय?

तेव्हा घ्यावं का? नवीन मॉडेल आली की आदल्या वर्षीचं डिझाइन बरंच स्वस्त मिळतं, आम्हाला हे माहीत नव्हतं. वापरलेलंही चालतं, कारण चौथी संपली की पाचवीला एकही पोर हे घालत नाही, साधी सॅक घेतात, त्यामुळे क्लाइनआनत्साइगनवर (जुन्या वस्तू विकायची इथली साइट) चांगल्या अवस्थेतली ढिगाने असतात. फक्त पोराला बरोबर नेऊन पाठीवर घालून बघा आणि भडक पट्ट्या फिक्या पडल्यात का ते बघा. तेव्हा किंडरगेल्ड (पोरामागे सरकार देतं ते पैसे) महिन्याला 250 युरो होतं, म्हणजे एका महिन्याचं सरळ दप्तरात गेलं. धाकट्याची पहिली 2027 ला आहे. तो आत्तापासून सांगतोय की ताईचंच घेईन पण घुबड काढा. ताई म्हणते घुबड काढलं तर देणार नाही. आणि डाग कोणाचा, यावर दोघांचं एकमत आहे, आईचा.