लायब्ररी लावू, विकत घेऊ की मोबाईलवरच वाचू? बोरिवली लोकलमधलं वर्ष

धाकटी बहीण जानेवारीपासून चर्चगेटला जॉइन होतेय. तिचा प्रश्न, ताई लायब्ररी लावू की किंडल घेऊ? तिला उत्तर लिहायला घेतलं ते एवढं लांबलं, की म्हटलं बाकीच्यांनाही उपयोगी पडेल.

तर ऐक. यंदा माझी 19 पुस्तकं पूर्ण झाली. 11 लायब्ररीची, 4 मोबाईलवर, 3 विकतची आणि 1 ऐकून. विकत घेतली किती ते विचारू नकोस, 14, म्हणजे 11 अजून कपाटावर आडवी पडलीत.

लायब्ररीचं पुस्तक परत द्यायचं असतं, सगळी जादू तिथेच आहे. तारीख जवळ आली की माणूस झक मारत वाचतो. दादर पूर्वेचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 सालापासूनचं, पण ऑफिसातून येताना दादरला उतरायचं म्हणजे चर्चगेटला मिळवलेली विंडो सीट सोडायची आणि मग परत बोरिवली गाडीत लटकायचं, खरा खर्च हा, फी नाही. तरी दया पवारांचं 'बलुतं' लायब्ररीमुळेच वाचलं. 1978 चं पुस्तक, त्यात नागपाड्याजवळची कावाखाना नावाची वस्ती आहे, मी रोज मुंबई सेंट्रलवरून जाते, तिथून ते सगळं चालत जाण्याइतकं जवळ, आणि मला इतकी वर्षं पत्ताच नव्हता. परवा गाडी मुंबई सेंट्रलला थांबली तर उगाच पूर्वेकडे बघत बसले. आधीच्या कुणीतरी पुस्तकात पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या, मला राग यायला हवा होता पण दोन ठिकाणी मीही तिथेच मारली असती.

विकत घ्यायचं तर परत वाचशील किंवा कुणाला तरी देशील असंच घे. 'रणांगण' मी घेतलं, विश्राम बेडेकरांचं, 1939 चं, युरोपातून मुंबईकडे निघालेल्या बोटीवरची गोष्ट, एवढंसं पुस्तक, पर्समध्ये मावतं. चार दिवसांत संपलं, तेव्हापासून दोन मैत्रिणींकडे फिरून आलंय.

मोबाईलचा फायदा अंधेरीनंतर कळतो, एक हात कडीला आणि एका हातात पुस्तक, कागदी पुस्तक असं धरून दाखव बघू. शिवाय जुनी पुस्तकं स्वस्त पडतात. लेखक गेल्यावर 60 वर्षांनी हक्क सुटतात, लक्ष्मीबाई टिळक 1936 ला गेल्या, त्यामुळे 'स्मृतिचित्रे'ला मला एक पैसा पडला नाही. आणि काय बाई लिहितात, शेजारी बसून बोलल्यासारखं! पण वाचता वाचता वरून सोसायटीच्या ग्रुपवर 'उद्या पाणी नाही' असं टपकतं आणि गेलं सगळं. किंडलवर ही कटकट नाही, महिनाभर उसनं वापरलं, डोळ्यांना छान, पण मला हवं ते मराठी पुस्तक दरवेळी मिळालं नाही.

ऑडिओ मला जमलं नाही. मालाडला झोप लागायची, दादरला जाग यायची, मधली दोन प्रकरणं गायब.

तुला सकाळी बोरिवलीहून बसायला मिळणार आहे, तेव्हा किंडलचे पैसे ठेव बाजूला, घराजवळची लायब्ररी शोध. आणि ती सापडेपर्यंत माझी कपाटावरची 11 घेऊन जा, परत करायची तारीख मी घालून देते.