वाकडचा फ्लॅट आणि रीटची युनिटं: दोन्ही सांभाळून पाहिल्यावर

वाकडचा टू बीएचके भाड्याने देतोय त्याला बरीच वर्षं झाली. एम्बसी आणि माइंडस्पेस या दोन रीटची युनिटं घेतल्यालाही आता वर्ष होत आलं. (रीट म्हणजे ऑफिसं, मॉल अशा मालमत्ता भाड्याने देणारा ट्रस्ट; त्याचे वाटे, म्हणजे युनिटं, शेअरसारखे बाजारात मिळतात.) 'दुसरा फ्लॅट घेऊ की रीट?' असं मित्रमंडळी विचारतात, म्हणून जरा सविस्तर.

फ्लॅटची आजची किंमत साधारण 85 लाख, भाडं 24 हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, वर नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते तो; सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच घेता येतो, जास्त मागितला तर भांडा), मिळकतकर, भाडेकरू बदलताना रिकामा जाणारा महिना, रंगकाम आणि एजंटचे पैसे वजा करा. किमतीच्या अडीच टक्केही हातात उरत नाहीत. शिवाय दर 11 महिन्यांनी लिव्ह अँड लायसन्सचा करार, बोटांचे ठसे, पोलीस व्हेरिफिकेशन. कराराच्या नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे, हे कित्येकांच्या गावीही नसतं. गीझर बिघडला की फोन मलाच, तोही रविवारी सकाळी.

रीटमध्ये यातलं काही नाही. वाटपयोग्य रोख रकमेतली किमान 90 टक्के रक्कम युनिटधारकांना द्यावीच लागते, हा शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचा नियम. माझ्याकडच्या दोन्हींचे पैसे तिमाहीला खात्यात येतात. खरेदीच्या भावावर सहा टक्क्यांच्या आसपास पडले. डोकेदुखी कराची. ती रक्कम व्याज, लाभांश, रीटने आपल्या कंपन्यांना दिलेल्या कर्जाची परतफेड अशा तुकड्यांत येते आणि प्रत्येकाचा हिशोब निराळा. आमच्या सीएंनी कागद बघून आधी चहा मागवला. घरभाड्यावर मिळणारी 30 टक्क्यांची सरसकट वजावटही इथे नाही. आणि भाव रोज दिसतो. फ्लॅटची किंमत उतरली तरी सकाळी सकाळी कुणी सांगायला येत नाही, हे सुख लहान नाही.

पण मला खरी काळजी वाटली ती वेगळीच. माझा भाडेकरू हिंजवडीतला आयटीवाला, आणि हिंजवडीचा टेकझोन हा आयटी पार्क एम्बसीच्या रीटमध्येच आहे. आयटीला खोकला झाला की दोन्हीकडचं भाडं हलणार. 2020 मध्ये आमच्या सोसायटीतले भाडेकरू सामान बांधून गावी गेले होते, ते विसरलेलो नाही. त्यामुळे आहे तो फ्लॅट विकत नाही, दुसरा घेत नाही. नवी शिल्लक नेक्सस सिलेक्ट या मॉलवाल्या रीटमध्ये टाकायला लागलोय. एकेक युनिट घेता येतं, त्यामुळे घाई नाही.