टोकवालं टॅटिंग शटल, आठ महिने लोकलमध्ये वापरून

प्रवासात हाताने लेस करायची असेल तर काय घ्यावं असं मला दोघी-तिघींनी विचारलं म्हणून सविस्तर लिहितेय. मी डोंबिवली-सीएसएमटी करते. सकाळी उभं राहायलाच जेमतेम जागा असते त्यामुळे तेव्हा प्रश्नच नाही, पण संध्याकाळी सीएसएमटीहून बसून येते, तो तासभर माझा.

आधी क्रोशा न्यायचे. क्रोशा मला घरी अतिशय आवडतो पण गाडीत जमला नाही, कारण गाडीने धक्का दिला की सुईतून टाका सुटतो आणि एक टाका सुटला की मागचे धडाधड उसवत जातात, वर स्टीलची बारीक सुई, शेजारी कुणाच्या मांडीवर लहान मूल असलं की माझाच जीव वर-खाली. टॅटिंगमध्ये हे नाही. टॅटिंग म्हणजे नुसत्या गाठींची लेस, सुई नाही. डाव्या हाताच्या बोटांभोवती दोऱ्याचा फेरा, उजव्या हातात शटल (दोरा गुंडाळलेली छोटी होडी), ते फेऱ्याखालून नेऊन वरून परत आणलं की अर्धी गाठ, मग वरून नेऊन खालून आणलं की दुसरी अर्धी, अशा वीसेक गाठी झाल्या की दोरा ओढायचा, रिंग बंद. ठाण्याला गर्दी आत घुसली, कुणाला खिडकीकडे सरकायचंय, फोन वाजला, जिथे असाल तिथे हात थांबवा, काहीही उसवत नाही.

आता शटलबद्दल. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही कारण या डिझाइनची दोन-तीन जणांची मिळतात, डिझाइन बघून घ्या. होडीसारखा आकार, बोटाएवढी लांबी, प्लॅस्टिकची दोन पाती, मधे भोकाची दांडी, तिच्यात दोरा ओवून गुंडाळायचा. दोन्ही टोकांना पाती एकमेकींना चिकटलेली असतात, दोरा त्यातून सरकताना टक टक वाजतो. ही पाती घट्ट आहेत ना हे सगळ्यात महत्त्वाचं, हे मी पैसे घालवून शिकलेय. पहिलं शटल स्वस्तातलं होतं, पाती सैल, कुर्ल्याच्या आसपास हातातून निसटलं आणि दोरा सोडत सोडत समोरच्या बाकाखाली गेलं, सगळ्या बायकांना पाय वर घ्यायला लावले मी. हे घट्ट पात्यांचं निसटलं तरी वीतभर खाली लोंबकळत राहतं, बस्स.

दुसरी गोष्ट म्हणजे याचं एक टोक पुढे निमुळतं, हुकासारखं आहे. टॅटिंगमध्ये रिंगा एकमेकींना पिकोंनी जोडतात (साडीचा पिको नव्हे हं, इथे पिको म्हणजे दोन गाठींमधे सोडलेला दोऱ्याचा छोटा फास). टोक नसलेल्या शटलला जोडासाठी वेगळी क्रोशाची सुई लागते, म्हणजे पुन्हा पर्स उघडा, शोधा, आणि ती पडली की गेलीच. इथे टोकानेच पिकोतून दोरा वर ओढायचा, त्या फासातून शटल न्यायचं, झाला जोड. २० नंबरच्या दोऱ्याला मस्त, ४० नंबरलाही चालतं (नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक), त्याहून बारीक दोऱ्याला मात्र ते टोक जाड पडतं, पिकोत शिरतच नाही. आणि पहिले पंधरा दिवस ते टोक तर्जनीला टोचत होतं, मी चिकटपट्टी लावून करत होते, मग धरायची पद्धत आपोआप बदलली.

दोरा पात्यांच्या कडेबाहेर येईल इतका भरू नका. एकदा शनिवारी सारखं भरायला नको म्हणून मी गच्च भरलं आणि टोकं फाकली, ते शटल पुन्हा पहिल्यासारखं घट्ट झालंच नाही.

नवीन शिकणाऱ्यांना एक सांगते, गाठ बोटांवरच्या दोऱ्याची बसली पाहिजे, शटलच्या दोऱ्याची नाही. म्हणजे दर वेळी शटलचा दोरा ताणायचा आणि डावी बोटं सैल सोडायची, गाठ पलटी होते. ती पलटी एकदा जरी चुकली तरी रिंग बंद होत नाही. आणि बंद झालेली रिंग उसवणं म्हणजे डोळ्यात पाणी, म्हणून पलटी घरी दिव्याखाली पक्की करा, मगच गाडीत न्या.

माझा वेग सांगायचा तर एका फेरीत दहा-बारा रिंगा आणि मधल्या चेन (दोन रिंगांमधल्या गाठींच्या कमानी), म्हणजे साधारण वीतभर लेस. रुमालाची किनार आठवड्याभरात होते. चेनसाठी दोऱ्याचा गुंडा लागतो, तो झिपच्या छोट्या पाऊचमधे ठेवून झिप थोडीशी उघडी ठेवते. कात्री नेत नाही, नेलकटरने दोरा छान कापला जातो. दांडा धरून आलेल्या हातांनी पांढरा दोरा दोन दिवसांत करडा होतो, तेव्हा आधी हात पुसा, पूर्ण झाल्यावर कोमट पाण्यात साबणाने धुऊन टाचण्या लावून सपाट वाळवा, परत नवी दिसते.

लोक बघतात, विचारतात, ते मला आवडतं. बहुतेक जणी "क्रोशा का हो ताई?" म्हणतात. एकदा एक काकू बराच वेळ बघत होत्या, मग म्हणाल्या, "हे टॅटिंग ना गं? माझं माहेर वसईचं, आजी चर्चच्या आल्तारावरच्या कापडाला करायची." मी शटल त्यांच्या हातात दिलं, चाळीस वर्षांत हात लावला नव्हता म्हणे, दोन गाठी चुकल्या आणि तिसरीपासून हात असा चालायला लागला की मुलुंडपर्यंत मी नुसती बघत बसले. त्यांची ती रिंग माझ्या ब्लाऊजच्या बाहीवर आहे, माझ्या रिंगांपेक्षा घट्ट, लगेच ओळखू येते. इटालियनमधे टॅटिंगला कियाकिएरिनो म्हणतात, म्हणजे बडबड्या, आणि लेडीज डब्यात बसून केलंत की ते नाव का पडलं असावं ते नीट कळतं. बेल्जियममधे ब्रुजच्या बायका दारात उशी घेऊन बॉबिन लेस करत बसायच्या, ती फार देखणी, पण उशी आणि डझनावारी बॉबिन घेऊन चौथ्या सीटवर कोण बसणार? शटल मुठीत मावतं.

दोनचा पॅक मिळाला तर तोच घ्या, एक भरलेलं पर्समधे राहू द्या. आणि रंग भडक घ्या, गुलाबी नाहीतर पोपटी. डब्याच्या करड्या फरशीवर पांढरं लवकर सापडत नाही.