बॉर्डर कॉली: गल्लीतल्या घराला झेपेल का?

आधी निकाल सांगून टाकतो. बेळगावात टिळकवाडी-शहापुरात रो-हाऊस, दोघंही नोकरीला आणि संध्याकाळी अर्धा तास फिरवणं, एवढंच जमणार असेल तर बॉर्डर कॉली घेऊ नका. खानापूरकडे दोन एकर रान आहे म्हणून घेणार असाल, तरी थांबा. या कुत्र्याला जागा कमी पडत नाही, काम कमी पडतं.

नावातली बॉर्डर आपली नव्हे, इंग्लंड-स्कॉटलंडची. तिथल्या नॉर्थम्बरलँडमध्ये १८९३ साली जन्मलेला ओल्ड हेम्प हा या जातीचा मूळपुरुष मानला जातो. आपल्याकडे धनगराचं कुत्रं मेंढरं राखतं. लांडग्याची चाहूल लागली की उठतं, एरवी कळपाजवळ निवांत पडून असतं. कॉली मेंढरं वळतो, तेही न भुंकता, नुसत्या नजरेनं. राखणं आणि वळणं यातला फरक ध्यानात घेतला की पुढची निम्मी डोकेदुखी आधीच कळते. वळणाऱ्याला हलणारी प्रत्येक वस्तू आपल्या ताब्यात हवी असते. मेंढरं नसली की स्कूटी, सायकल, कोंबड्या, पळणारी पोरं, अगदी भिंतीवर फिरणारी पंख्याची सावलीसुद्धा.

गेटापाशी बघा. गल्लीच्या टोकाला स्कूटीचा आवाज येतो. कुत्रा डोकं खाली घालतो, पोट जमिनीला टेकवतो, एक पुढचा पाय तसाच उचललेला. बघणाऱ्याला वाटतं, किती शहाणं बाळ! स्कूटी समोर आली की कंपाऊंडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुसाट धावतो. काही महिन्यांत भिंतीलगत वीतभर रुंद पट्ट्यातलं गवत उडालेलं दिसतं. तो पट्टा म्हणजे रिकाम्या डोक्याची खूण. पोरं धावली की हाच कुत्रा टाचेला दात लावतो. रागानं नाही, कळप वळवायला. पण शेजाऱ्याच्या पोराला ओरखडा उठला की रेबीजची इंजेक्शनं घ्यावीच लागतात, तिथे जातीचा स्वभाव सांगून भागत नाही.

मोठ्या कुत्र्याला सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास मोकळं चालणं-धावणं हवं. हाकेला पक्का होईपर्यंत दहा मीटरच्या दोरीवर. शिवाय दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं डोक्याचं काम: लपवलेलं खाणं हुडकणं, खेळणी नावानं आणणं, ‘थांब’ म्हटलं की जागच्या जागी थांबणं. चेझर नावाच्या अमेरिकेतल्या बॉर्डर कॉलीला १,०२२ खेळण्यांची नावं येत होती, म्हणजे तुमची कल्पकता आधी संपेल. सगळ्यात मोठी चूक चेंडूची. पन्नास वेळा चेंडू फेकला की कुत्रा दमेल असं वाटतं. प्रत्यक्षात दम वाढतो आणि चेंडूचं वेड लागतं. या जातीत काही कुत्री जोरात खेळताना पाच-दहा मिनिटांतच मागच्या पायांत लटपटतात, गोंधळल्यासारखी होतात. तसं दिसलं की खेळ बंद, सावली आणि डॉक्टर. लेझरचा ठिपका तर कधीच दाखवू नका. आणि धावण्याइतकंच गप्प पडून राहायलाही शिकवावं लागतं. संध्याकाळी चावरं झालेलं पिल्लू बहुतेक वेळा उत्साही नसतं, झोपेला आलेलं असतं.

हवामानाच्या बाबतीत बेळगाव तापणाऱ्या अथणीपेक्षा बरं. तरी एप्रिल-मे महिन्यांत सकाळी सातच्या आत फिरवून या. डांबरावर हाताची पाठ सात सेकंद टेकवता आली नाही तर कुत्र्यालाही तिथे चालवू नका. उकडतंय म्हणून केस भादरू नका. दुहेरी केसांचा थर उन्हापासूनही वाचवतो. आतली गळकी लोकर फणीनं काढली की पुरे. खरी कसोटी जून ते सप्टेंबर. तांबड्या चिखलात लोळून आलेला कुत्रा आतून ओला राहिला की कातडीवर चट्टे उठतात, म्हणून टॉवेलनंतर पंख्याखाली बसवून पोटाचे आणि मांड्यांचे केस बोटांनी उलगडून सुकवा. गोचिड्या रोज तपासा: कानात, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या बुडाशी. खाणं सोडलं, अंग तापलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.

खेड्यात एक धोका जास्त. जनावरांच्या गोठ्यातली आयव्हरमेक्टिनची बाटली गोचिडीसाठी कुत्र्यालाही टोचली जाते. कॉलीच्या कुळात एमडीआर१ या जनुकाचा दोष आढळतो. तो असलेल्या कुत्र्याच्या मेंदूत हे औषध साठतं, तोल जातो, जीवही जाऊ शकतो. बॉर्डर कॉलीत हा दोष लांब केसांच्या रफ कॉली जातीपेक्षा कमी, पण तपासणी झाल्याशिवाय ती सुई नको. औषध दिलेल्या जनावराचं शेणही कुत्र्याला चाटू देऊ नका.

आवाजाची भीती या जातीत बरीच. शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक किंवा विसर्जन दारावरून जात असेल तर त्या रात्रीची सोय आधी बघून ठेवा. राखणीसाठी कुत्रं हवं असेल तर गल्लीतलं गावठी पिल्लू जास्त उपयोगी. मुधोळ आपल्याच बाजूची जात, पण तो शिकारी. एकदा जीव तोडून पळाला की घरात आडवा होतो. घरात कुणीतरी दिवसभर असेल आणि त्याला कुत्र्याला शिकवण्याची खरीच हौस असेल, तिथे मात्र कॉलीसारखा सोबती नाही.

घेताना आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका; २०१७च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ते विकताच येत नाही. निळ्या-करड्या ठिपक्यांच्या मर्ल रंगाला भाव चढा सांगतात. आई-बाप दोघंही मर्ल असतील तर सरासरी चारातलं एक पिल्लू दोन्हीकडून तो जनुक घेऊन येतं, आणि अशी पिल्लं अनेकदा बहिरी किंवा आंधळी निघतात. पिल्लामागे टाळी वाजवून बघा, मान वळते का. आणि आई दाखवायला कुणी टाळाटाळ करत असेल, तर चहा पिऊन तसेच परत या.