थेंब मोजायचं डीओ किट : सिरपूर आणि यशवंत सागरावर काम करणाऱ्यांसाठी

इंदूरमध्ये मत्स्यविज्ञान किंवा प्राणिशास्त्रात एमएस्सी करणाऱ्यांना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन (डीओ) मोजावाच लागतो, मग तलाव सिरपूरचा असो की यशवंत सागर. विंकलर पद्धतीचं हे किट शिकायला आणि पहिल्या पाहणीला उत्तम आहे. प्रबंधातल्या आकड्यांसाठी मात्र ते पुरत नाही.

किटमध्ये ६० मिलीची काचेची बाटली आणि रसायनांच्या ड्रॉपर बाटल्या मिळतात. मीटरसारखी मेम्ब्रेन बदलायची किंवा कॅलिब्रेशनची कटकट नाही. बाटली पाण्याखाली तिरकी धरून भरा आणि बूचही पाण्यातच लावा. आत बुडबुडा राहिला की त्यातला ऑक्सिजन मोजणीत येतो आणि आकडा फुगतो. मग मँगनस सल्फेटचे ८ थेंब, आयोडाइड-अझाइडचे ८. साका तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळपास नाहीच. साका अर्ध्यापर्यंत बसू द्या, पुन्हा हलवा, बसल्यावरच आम्ल घाला. आम्लाने ऑक्सिजनच्या प्रमाणात पिवळं आयोडीन सुटतं. मग थायोसल्फेट थेंबाथेंबाने घालायचं, मध्येच स्टार्च घालून द्रावण निळं करायचं, आणि निळा रंग जाईपर्यंत लागलेले थेंब मोजायचे. हेच टायट्रेशन.

अझाइड नसलेलं स्वस्त किट घेऊ नका. सिरपूर शहराला लागून आहे. जिथे सांडपाणी मिसळतं तिथे नायट्राइट असतं. अझाइड ते नष्ट करतं; अझाइड नसेल तर निळा रंग गेल्यावर थोड्याच वेळात परत येतो. विद्यार्थी थायोसल्फेट घालत बसतात, आकडा वाढत जातो. स्टार्चही घाईने घालू नये. द्रावण फिकट गवती पिवळं झाल्यावरच घाला. आधी घातलं तर ते आयोडीन धरून ठेवतं आणि शेवटचा बिंदू धड कळत नाही.

खरी कमजोरी मोजणीत आहे. एका थेंबाला ०.५ मिलीग्रॅम प्रति लीटर, आणि ड्रॉपर तिरका धरला की थेंबाचं आकारमान बदलतं. कार्प माशांसाठी ५ च्या आसपासचा आकडा महत्त्वाचा, तिथेच ४.५ की ५ हे ठरत नाही. प्रबंधासाठी ३०० मिलीची बीओडी बाटली (घट्ट काचेच्या बुचाची) घ्या, प्रत्येक रसायन २ मिली, आणि ब्यूरेटने (मापाच्या खुणा असलेल्या तोटीच्या नळीने) २०० मिली नमुन्याचं ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने टायट्रेशन करा. १ मिली थायोसल्फेट म्हणजे १ मिलीग्रॅम प्रति लीटर ऑक्सिजन. आम्ल घातलेली बाटली अंधारात ठेवली तर काही तास टिकते, त्यामुळे यशवंत सागरावरून कॉलेजात आणून टायट्रेशन करता येतं.

नमुन्याची वेळ वहीत लिहाच. शेवाळ असलेल्या तलावात दुपारी ऑक्सिजन भरपूर दिसतो, पहाटे तो सर्वांत कमी असतो, आणि मासे मरतात ते पहाटेच.

दुकानात थायोसल्फेटच्या बाटलीवरची तारीख पाहून घ्या. जुनं द्रावण पातळ पडतं आणि ऑक्सिजन खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं.