दादरच्या मावशींकडचा कवळा: फुलं यायच्या आत घ्या

पावसाळ्यात शेवळं आणि टाकळा या रानभाज्या लोक शोधत येतात. कवळ्याला मात्र विचारणारे कमी. दादर पश्चिमेला स्टेशनातून रानडे रोडकडे वळताना पालघरकडच्या एक मावशी फुटपाथवर गोणपाट अंथरून बसतात. कवळा मी त्यांच्याकडूनच घेते.

वर्षानुवर्षं वनस्पतिशास्त्र शिकवल्यामुळे या भाजीवर माझा जरा जास्तच जीव आहे. नाव स्मिथिया सेन्सिटिव्हा, कूळ वाटाणा-हरभऱ्याचं. पानं लाजाळूसारखी, हात लागला की मिटणारी. जुडीतही ती मिटलेलीच दिसतात, म्हणून नवखं गिऱ्हाईक भाजी सुकलीय असं समजून पुढे जातं. पानांकडे नका बघू, काडी वाकवून पाहा. कटकन तुटली तर घ्या, नुसतीच वाकून धागा सुटला तर ठेवून द्या. मावशींकडे ठेवून द्यायची वेळ सहसा येत नाही. एका ॲपवरून मागवलेलं पाकीट मात्र निम्मं जून निघालं.

श्रावण सरता सरता कवळ्याला पिवळी फुलं येतात. वाटाण्याच्या फुलासारखीच ठेवण, फक्त अगदी चिमुकली. मग काड्या चिवट होतात आणि मावशी जुड्या आणणं बंद करतात. विकला असता तर कुणी ना कुणी घेतलाच असता, तरी नाही आणत. गेल्या वर्षी नातीला दाखवायला फुलावरचं एक रोप मागितलं, तर पुढच्या खेपेला मुळासकट घेऊन आल्या आणि पैसे घेईनात. मुळांवरच्या बारीक गाठी नातीने भिंगातून पाहिल्या. हवेतला नायट्रोजन झाडाला मिळवून देणारे जिवाणू याच गाठींत राहतात. शेंगही लांब लोंबणारी नाही, फुलाखालच्या वाटीतच घडी घालून बसलेली. सुईने ती उलगडण्यात आमची अख्खी संध्याकाळ गेली.

जुडी 20 रुपयांना. दोन जुड्यांत चौघांची भाजी होते. गवत मिसळलेलं असतं, निवडायला वेळ लागतो, तेवढे गुण मी कापते. कोवळे शेंडे खुडून अगदी बारीक चिरायचे. कांदा, हिरवी मिरची, भिजवलेली चणाडाळ घालून वाफ आणायची आणि वरून ओलं खोबरं. लसूण आमच्याकडे घालत नाहीत आणि मला तो इथे नकोच वाटतो, पानांचा हिरवा तुरट वास त्याखाली दबून जातो. मावशी सुकट घालून करतात म्हणे. श्रावण संपला की तसाही करून बघायचाय, तोवर कवळा राहिला तर.

मावशी पहाटे विरारला गाडी बदलून येतात. नऊच्या आत गाठा, सुटे पैसे न्या आणि आधी कवळा मागा. तो टोपलीत टाकळ्याच्या खाली असतो.