डीडीआर५-६००० रॅम: काही महिन्यांच्या वापरानंतर

१६ जीबीच्या दोन स्टिक, सीएल३० (डेटा मिळेपर्यंतचा विलंब दाखवणारा आकडा), १.३५ व्होल्ट. सोबत रायझन ७००० मालिकेतला प्रोसेसर आणि बी६५० मदरबोर्ड. रोजच्या वापरानंतर ही जोडी मी नक्की सुचवेन, पण बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक संध्याकाळ घालवायची तयारी असेल तरच.

खोक्यावर ६००० हा वेग छापलेला असला तरी स्टिक लावल्यावर मशीन ४८००वर चालतं. ६०००साठी बायोसमध्ये एक्स्पो प्रोफाइल (स्टिकमध्येच साठवलेली जास्त वेगाची सेटिंग) चालू करावं लागतं आणि ते ओव्हरक्लॉकिंगच आहे, म्हणजे अधिकृत वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं. रायझन ७०००वर एएमडीचा अधिकृत वेग दोन स्टिकसाठी ५२००पर्यंत, चार स्टिकसाठी फक्त ३६००. त्यामुळे '१६च्या अजून दोन नंतर घालू' हा बेत करू नका. ६४ जीबी लागणार असेल तर सुरुवातीलाच ३२च्या दोन घ्या.

एक्स्पोला हात लावण्याआधी बायोस अपडेट करा. हे प्रोफाइल प्रोसेसरचं एसओसी व्होल्टेजही (मेमरी कंट्रोलर असलेल्या भागाला मिळणारं) वाढवतं. २०२३मध्ये काही एक्स३डी चिप (जादा कॅश असलेले रायझन प्रोसेसर) जळाल्यावर एएमडीने त्याला १.३ व्होल्टची मर्यादा घातली, आणि ती नव्या बायोसमधूनच येते. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, अपडेटनंतर ती मागितली जाऊ शकते.

स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. पहिल्यांदा बटण दाबल्यावर पडदा काळाच राहतो आणि बोर्डावरचा डीरॅमचा दिवा पेटून राहतो. घाबरून स्विच बंद करू नका. बोर्ड मेमरी ट्रेनिंग करत असतो, म्हणजे प्रत्येक सिग्नलची वेळ जुळवून बघत असतो. याला काही मिनिटं लागतात, दहा-पंधरा मिनिटं थांबायला हरकत नाही. 'रॅम खराब निघाली' म्हणून परत जाणाऱ्या काही स्टिक याच टप्प्यावर धीर सुटल्यामुळे जात असतील, असं मला वाटतं.

त्यानंतरची कटकट म्हणजे दर वेळी मशीन सुरू व्हायला लागणारा वेळ. बायोसमधलं मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर बंद असेल तर प्रत्येक कोल्ड बूटला (पूर्ण बंद केलेलं मशीन सुरू करताना) ट्रेनिंग पुन्हा होतं. ते चालू केलं की आधीचीच मूल्यं वापरली जातात आणि फरक लगेच जाणवतो. पण त्याच्यासोबत पॉवर डाउन एनेबल ही रॅमची वीज वाचवणारी सेटिंगही चालू ठेवा. पहिलं चालू आणि दुसरं बंद असताना अनेक बोर्डांवर विंडोज कोलमडून निळा पडदा येतो: मेमरी मॅनेजमेंट किंवा पेज फॉल्ट. दोन्ही चालू ठेवूनही तसं होत असेल तर कॉन्टेक्स्ट रिस्टोअर बंद करून हळू बूट पत्करा. फाइल खराब होण्यापेक्षा ते परवडतं.

निळा पडदा आला की विंडोज पुन्हा टाकायला धावू नका. पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम घ्या आणि चारही फेऱ्या रात्रभर चालू द्या. एकही एरर चालत नाही. एरर आली तर एक्स्पो बंद करून एकेक स्टिक त्याच स्लॉटमध्ये तपासा. ४८००वरही एकच स्टिक चुकत असेल तर ती सदोष आहे, वॉरंटीत जोडी परत द्या. दोन्ही सुट्या ठीक आणि ६०००ला एकत्र चुकतात, तर वेग ५६००वर आणा. रोजच्या कामात हा फरक कळतही नाही. गरम झाल्यावरच चुका होत असतील तर कॅबिनेटमधली हवा सुधारा. उन्हाळ्यात भर दुपारीही एकदा चाचणी घ्या, कारण रात्रीच्या गारव्यात पास झालेली रॅम मे महिन्यात अडखळू शकते.

३२ जीबी लावूनही टास्क मॅनेजरमध्ये 'हार्डवेअर रिझर्व्हड' खाली कित्येक जीबी (विंडोजला वापरता न येणारी रॅम) दिसत असतील तर विंडोजचं एमएसकॉन्फिग उघडा, बूटच्या प्रगत पर्यायांत जा आणि 'मॅक्झिमम मेमरी'ची खूण काढा. मशीन वेगवान करण्याचा उपाय म्हणून ही खूण करायला सांगितलं जातं, प्रत्यक्षात ती फक्त मर्यादा घालते. खूण नसेल तर स्टिक नीट बसली आहे का ते बघा, दोन्ही टोकांना दाबून.

बायोस पुढे कधीही अपडेट केला की सेटिंग बहुधा मूळ पदावर जातात आणि रॅम गुपचूप ४८००वर येते. अपडेटनंतर टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावरचा वेग एकदा बघून घ्या.